शंभराला एक कमी

आमच्या संस्थेच्या सामाईक प्रिंटरमधून माझाच पेपर बाहेर येत होता. सहा वर्षांपूर्वीचा, लेखकांत पहिलं नाव माझं. मी तर काही छापायला दिलं नव्हतं… म्हणून पानं उचलून बघायला लागले.

"तो माझा आहे," मागून कोणीतरी म्हणालं.

"नाही हो, माझाच आहे."

"अहो, आत्ताच प्रिंट दिली मी! या बाईंनी तीन महिने माझ्या नाकी नऊ आणलेत. दुसरं पान वाचा, तुम्हालाही राग येईल."

"त्या बाई मीच."

त्याचे कान लाल झाले. पण माफी मागायची सोडून त्याने विचारलं, "मग… बेचाळीस अंशांवर चाळीस मिनिटं, हे नक्की?"

असला प्रश्न ऐकायची ती वेळ नव्हती. मी रेणवीय जीवशास्त्रज्ञ. पेशींतलं प्रोटीन वेगळं काढायची एक रीत मी बसवली होती, तिच्यावरचाच हा पेपर. शुक्रवारी मला नोकरीत कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. त्यासाठी समितीला शंभर सायटेशन्स हवी होती, म्हणजे इतरांनी आपापल्या पेपरांत शंभर वेळा माझ्या कामाचा हवाला दिलेला हवा. माझी एकशे चार होती आणि त्यांतली एकसष्ट या एकट्या पेपराची. समितीच्या फॉर्मात शेवटी एक रकाना होता : स्वतःची, सहलेखकांची व जवळच्या नातेवाइकांची सायटेशन्स वजा करा. तिथे मी ऐटीत शून्य लिहिलं होतं. आई रोज फोनवर 'आज किती झाली?' असं विचारायची, जणू मला तापच आलाय.

"एकसष्ट जणांना जमलं," मी म्हटलं. "तुम्हाला नाचता येईना आणि अंगण वाकडं."

"मग दाखवा की तुमचं अंगण."

तो दोन मजले खालच्या प्रयोगशाळेत होता. मंगळवारी सकाळी आला आणि माझा हात कसा चालतो ते बघत शेजारी उभा राहिला. जरा जास्तच जवळ… की मलाच तसं वाटलं? नळ्या वॉटर बाथच्या गरम पाण्यात सोडल्या. पडद्यावर आकडा बेचाळीस. त्याने खिशातून स्वतःचं थर्मामीटर काढलं आणि पाण्यात बुडवलं.

सदतीस.

पुन्हा बुडवलं. सदतीसच.

तो वॉटर बाथ मला या प्रयोगशाळेतल्या आधीच्या बाईंकडून मिळाला होता. पडद्यावरच्या आकड्यावर मी सहा वर्षं डोळे मिटून विश्वास ठेवला होता. माझं काम सदतीसवर झालं होतं आणि छापलं होतं बेचाळीस. खऱ्या बेचाळीसवर ते प्रोटीन चक्क शिजतं. त्याच्यापुढे रडायचं नाही, एवढंच ठरवलं.

"मी कुणाला बोलणार नाही," तो हळूच म्हणाला. "शुक्रवार जाऊ दे… मग बघू."

मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण त्याचे वाया गेलेले तीन महिने समोर उभे होते. संध्याकाळच्या आत नियतकालिकाला दुरुस्ती पाठवली.

शुक्रवारी समितीला सगळं सांगितलं. अध्यक्षांनी विचारलं, "एकसष्ट जणांनी ही रीत वापरली आणि एकालाही कळलं नाही?"

"वापरली नाही, सर. नुसता हवाला दिला. करून एकानंच पाहिलं."

ती एकसष्ट बाद झाली. उरली त्रेचाळीस. शंभर भरायला दोन वर्षांची मुदत मिळाली. आई फोनवर म्हणाली, "खरं सांगून आलीस ना? मग आधी जेवून घे. आणि तो थर्मामीटरवाला कसा आहे गं दिसायला?"

"आई!"

बरा होता दिसायला. महिन्याभरात आम्ही अहोजाहोवरून अरेतुरेवर आलो. सदतीस अंशांवर सगळ्यांनाच जमायला लागलं आणि सायटेशन्स एकेक करून वाढू लागली. ही खरी होती. माझ्या मुदतीला महिना उरला असताना त्याचा पेपर आला. त्यातल्या शेवटच्या संदर्भयादीत माझी दुरुस्ती होती, आणि त्या एकाने शंभर पुरे झाले.

मी प्रिंटरजवळ माझा फॉर्म छापत होते. तो आला, घुटमळला.

"उद्या देतेयस ना हा?"

"हो. का रे?"

"एक विचारायचं होतं… पण हा फॉर्म जाऊ दे. मग विचारतो."

"आत्ताच विचार."

"नको. तुझं नुकसान होईल." त्याने फॉर्मातल्या शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. त्याचे कान पुन्हा लाल झाले होते. "जवळच्या नातेवाइकांची वजा करतात. माझं एक जाईल."

मी त्याच्याकडे वळले. "मागेही तू 'शुक्रवार जाऊ दे' म्हणाला होतास. ऐकलं होतं मी?"

"नाही."

"मग?"

"लग्न करशील माझ्याशी?"

मी त्याच्या खिशातलं पेन काढलं, शून्य खोडलं आणि एक लिहिलं. खाली बेरीज केली. नव्याण्णव.

"अगं, वेडी आहेस का? उरलेल्या महिन्याभरात आणखी कोणी हवाला दिलाच नाही तर?"

"देतील. नाहीतर दुसरी नोकरी बघू," मी म्हटलं. "मला करून पाहणारा एक मिळाला."

मग आईला फोन लावला. तिने सवयीने विचारलं, "आज किती झाली?"

"एक कमी झालं, आई," मी म्हटलं, आणि फोन त्याच्या हातात दिला.