येलदरीचा दुसरा त्रिशंकू

माणसानं भरोसा ठेवावा कुणावर, सांगा बरं? शिकलेल्यावर, की वल्हं हातात असलेल्यावर? जिंतूरच्या बन्सीधर शेटला हा सवाल ऐन येलदरी धरणाच्या पाण्यात पडला.

जाळ्यांचा व्यापारी माणूस. मे महिन्यात पलीकडच्या काठावर जाळी पोचवून तो मुंजाजीच्या होडीतून परतत होता. नऊ वाजून गेलेले, अमावस्या, त्यात अलीकडच्या गावातली लाइट गेलेली. काठ कुठं, पाणी कुठं, कळेना. ओल्या दोरीचा अन् माशांचा वास तेवढा सोबतीला.

मुंजाजी घराकडं पाठ करून वल्हवत होता. "दिवे न्हाईत तर दक्षिनेचा त्रिशंकू, चार चांदन्यांची फुली, डोळ्यापुढं धरायचा, शेटजी. घर आपसूक पाठीमागं येतं."

बन्सीधरनं मागं वळून पाहिलं. पुस्तकं चाळून चाळून तो आकाश शिकला होता. "अरे, तू धरलास तो खोटा!" हात लांबवून त्यानं मूठ धरली. "खरा इथं. पाण्यापासून मूठभर उंच, आटोपशीर चार तारे, डावीकडं खाली दोन ठळक सोबती. तुझा उजवीकडचा मोठा, फिकट, अन् बिनसोबतीचा."

"जाळी इकावी तुमी, होडी हाणावी आमी."

"अन् बुडावं दोघांनी! मला पोहता येत न्हाई, बाबा."

चुकलं तर होडी थेट बुडालेल्या बाभळींवर. तळ फाटायला एक बुंधा बस.

मुंजाजी हसला, अन् हसता हसता थांबला. "बिनसोबतीचा म्हनलात ना... मंग ते दोन कोन?"

उजवीकडच्या फुलीखाली, पाण्याला टेकून, दोन ठळक तारे. वल्ह्यावरून पाणी ठिबकत होतं, तेवढाच आवाज. बन्सीधर पापणी न हलवता बघत राहिला.

ते दोघं एकदम मिटले. मग सावकाश उघडले.

"तारा लुकलुकतो, मुंजाजी... जोडीनं मिटत न्हाई. डावा धर... डावा."

होडी वळली. बन्सीधरनं परत मागं पाहिलं नाही. मुंजाजीचं तोंड मात्र सारा वेळ तिकडंच. पाऊण तासानं तळ वाळूला घासला. काठावर मुंजाजीची बायको, सविता, उभी होती.

"मागची होडी कुनाची वो? दोन दिवे लावून पार तुमाला खेटून यायली होती..."

बन्सीधरनं मुंजाजीचा दंड धरला. "मुंजाजी, तुला दिसलं न्हाई?"

"दिसलं की... म्हनून तर बोललो न्हाई."

तुम्हीही बघा. मे महिना, बिनचंद्राची रात्र, दक्षिणेला उघडं माळरान. दोन्ही फुल्या ओळखा, अन् वहीत हिशेब इमानानं मांडा. उजवीकडं दोन जादा दिसले, तर दोन लिहा. भिऊन खोडू नका.