रुमालातले घास

विश्वास ठेवा अथवा ठेवू नका, यात मी पदरचं काहीही घातलेलं नाही. माझ्या आतेबहिणीनं जसं सांगितलं, तसंच लिहितोय. बुधवारची रात्र होती. पावणेबारा वाजले होते.

ताई वर्तमानपत्राच्या पुरवणीत खाण्याचं सदर लिहिते. ऑफिसातही तिला ताईच म्हणतात. त्या आठवड्याचा विषय होता, रात्री उशिरा निवांत बसता येईल अशा पाच जागा. चार झाल्या होत्या. पाचवी सापडत नव्हती.

तिची एक सवय कुणालाच माहीत नव्हती.

ती घास गिळायची नाही.

एका रात्रीत चार-पाच ठिकाणी खायचं म्हणजे पोटाचे हाल. म्हणून एक घास चावायचा, चव टिपायची आणि कागदी रुमालात थुंकायचा. रुमालाची घडी बशीखाली सारायची.

तेवढ्यात उपसंपादकाचा फोन आला.

"ताई, साडेबाराला पान छपाईला सोडायचंय. पाचव्या चौकटीत तुझा फोटो लावू का? हार घालून?"

"लाव की. खाली शोकाकुल म्हणून तुझं नाव टाक."

"चेष्टा पुरे. साहेब म्हणालेत, यादी पुन्हा अपुरी आली तर सदर दुसऱ्याला."

अकरा वर्षांचं सदर. ताईनं झपाझप पावलं उचलली.

एका गल्लीच्या टोकाला दिवा दिसला. आत सहा टेबलं. गाणी नाहीत, टीव्ही नाही. अगदी हवी तशी जागा.

ती बसली आणि मग तिच्या लक्षात आलं...

स्वयंपाकघरातून आवाजच येत नव्हता. भांड्याचा नाही, पंख्याचा नाही, नळाचाही नाही.

कोपऱ्यात एकच माणूस, पाठमोरा. त्याचा जबडा हलत होता. तो चावत होता. थांबतच नव्हता.

म्हाताऱ्या वेटरनं न विचारताच सूप आणून ठेवलं. ताईनं त्यातला कोंबडीचा एक तुकडा चावला. चव बरी होती. तिनं तो रुमालात थुंकला. घडी बशीखाली.

वेटरनं बशी उचलली. रुमालासकट.

परत आला तो झाकलेली थाळी घेऊन.

"मी काही मागवलं नाही, काका."

"तुमचंच आहे. गरम करून आणलंय."

त्यानं झाकण उचललं...

पाच गोळे. चावलेले. ओले. वाफाळलेले.

पहिल्या ठिकाणचं लालभडक बीट. दुसऱ्या ठिकाणचा केक, लाळेनं बुळबुळीत झालेला. तिसरीकडच्या माशाची कातडी. चौथीकडचं तार सुटलेलं चीज. आणि आताची कोंबडी. प्रत्येकाला रुमालाचे पांढरे तंतू चिकटलेले. शिळ्या थुंकीचा आंबूस वास नाकात शिरला.

ताई दाराकडे धावली. दार उघडेना.

"एक तरी गिळा, बाई," वेटर मायेनं म्हणाला. "नाहीतर यांच्यासारखं बसावं लागेल."

कोपऱ्यातल्या माणसानं वळून पाहिलं नाही. त्याच्या टेबलावर घडी घातलेल्या रुमालांची हातभर उंच चळत होती.

ताईनं डोळे मिटले आणि बीट तोंडात टाकलं. कोमट. चावायला काही उरलंच नव्हतं.

तिनं गिळलं.

दाराची कडी वाजली...

बाहेर गटाराशी वाकून तिनं घशात बोटं घातली. नुसती थुंकी आली. बीट आलं नाही.

बारा सव्वीस. फोन.

"ताई, पाचवी?"



"लिहून घे," ती म्हणाली आणि त्याच गल्लीचा पत्ता सांगितला. "अतिशय शांत. गर्दी अजिबात नाही."

सदर टिकलं.

आठवड्यानं एका वाचक बाईंचं पत्र आलं. 'जागा फार आवडली. वेटरकाकांनी तुमची आठवण काढली. तुमचे चार घास झाकून ठेवलेत म्हणाले.'

त्या बाई पुन्हा तिथे गेल्या का, हे विचारायचं धाडस ताईला अजून झालेलं नाही.

परवा ती आमच्याकडे आली होती. बायकोनं तिच्यापुढे झाकलेलं ताट ठेवलं. ताईनं झाकणावर घट्ट हात दाबून धरला.

"वहिनी, आधी सांग," ती म्हणाली. "आत किती आहेत?"