उष्टा श्वास

तिकिटाबरोबर ओकारीची पिशवी फुकट मिळायची, आणि कानामागे चिकटवायची एक पट्टी. पिशवी घरी नेता यायची. पट्टी परत द्यावी लागायची. राज्यातल्या प्रत्येक सज्ञान माणसाने हा माहितीपट बघायचाच, असा मनःसंरक्षण मंडळाचा हुकूम होता. न बघणाऱ्याचं वीज कनेक्शन कापत. त्यामुळे मिरजेत माहितीपट हाऊसफुल्ल होता, जे कुठल्याही माहितीपटाच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं.

पुष्कर सबनीस आईला घेऊन दुपारच्या खेळाला गेला. आईने डब्यात चिवडा घेतला होता. तो तसाच परत आला.

पडद्यावर अनुच्छिष्ट पंथ होता. पंथाचं तत्त्वज्ञान एका ओळीत मावायचं: जेवण उष्टं होतं, तसा श्वासही उष्टा होतो. परक्याने सोडलेली हवा आपण नाकात घेणं म्हणजे त्याचं ताट चाटणं. म्हणून ही मंडळी कोकणातल्या एका ओसाड सड्यावर राहत आणि खाली गावात उतरताना वाळक्या भोपळ्याचं टोपडं तोंडावर चढवत. जगात सोवळा श्वास एकट्या निःश्वासबाबांचा. बाबा लसणाची चटणी खाऊन भोपळ्यात ढेकर देत, शिष्य चटकन बूच मारत आणि भक्त रांगेत उभे राहून, बूच उपसून, त्यात नाक घालत. कॅमेरा अगदी जवळ होता. एका काकूंनी भोपळा आतून चाटला. मग नवऱ्यालाही चाटायला दिला.

इथपर्यंत थिएटरात हशा होता. मग ती खोली आली.

पंथातला जो कोणी म्हातारा खोकायला लागे, त्याला बिनखिडकीच्या खोलीत बसवून बाहेरून दाराच्या फटी शेणाने लिंपत. "आपलं उष्टं आपणच संपवावं," बाबा सांगत होते. पानात टाकू नये, असं पंगतीत सांगतात ना, त्याच सुरात. दार उघडलं तेव्हा आतली माणसं फटींना ओठ लावून बसली होती. ओठांना शेण लागलं होतं. माश्या आधीच पोचल्या होत्या.

बरोबर त्या क्षणी पट्ट्या चालू झाल्या आणि अख्खं थिएटर एकसाथ ओकलं.

ते दार उघडणारी, मोबाइलवर चित्रण करणारी, बाबांना तुरुंगात पाठवणारी आणि माहितीपटभर शांतपणे सगळं सांगणारी मुलगी म्हणजे पुष्करची थोरली बहीण संज्योत. कॉलेज सोडून पंथात पळालेली. आता साक्ष संपली होती आणि ती घरी यायची होती.

ती रविवारी आली. आई भाकरतुकडा आणि निरांजन घेऊन दारात उभी राहिली. संज्योत "आई" म्हणाली मात्र, आई निरांजनावरच ओकली. निरांजन विझलं. पुष्कर तोवर तुळशीच्या कुंडीपर्यंत पोचला होता, आणि तुळस काही बोलू शकत नव्हती.

"इतकी वाईट दिसते का रे मी, पुष्क्या?" ताई हसून म्हणाली. त्या हसण्याने त्याला दुसरी उबळ आली.

मग घरात नवी रीत पडली. ताई माजघराच्या दाराआड राहायची, सगळे झोपायला गेले की जेवायची. तिचं ताट आई चिमट्याने उचलायची आणि मोरीत बसून रडायची. स्वतःच्या पोरीची किळस येते, याची तिला जास्त किळस यायची.

पुष्कर तडक डॉ. इरावती टिपणीसांकडे गेला. त्या पट्टीचं शास्त्रीय नाव 'किळसलस' आणि ती त्यांची.

"तुम्हाला कधी काही बाधलंय का?" त्यांनी विचारलं.

"श्रीखंड. मावशीच्या लग्नात."

"नंतर खाल्लंत?"

"मॅडम, नाव काढू नका."

"बघा. मेंदूची ही फार जुनी सोय आहे. पोटात ढवळलं की त्याआधी जे चाखलं त्याच्याशी किळसेची गाठ बसते. एका फटक्यात, जन्माची. कारण विषाच्या बाबतीत चुकून शिकायला दुसरी संधी मिळत नाही. आमची पट्टी कानामागून पोटाकडे जाणाऱ्या नसेला चिमटा काढते. श्रीखंडाच्या जागी आम्ही पंथ वाढला, एवढंच. उपदेशाने कोणी पंथ सोडत नाही हो. मळमळीने सोडतो."

"पण ताईनेच तर पंथ बुडवला!"

"श्रीखंडाबरोबर पुऱ्या होत्या?"

"त्याही खात नाही मी."

"पुऱ्यांचा दोष होता? पोट साक्षीपुरावे बघत नाही. पडद्यावर कोण जास्त वेळ दिसलं, तेवढंच बघतं. आणि तुमच्या ताई सगळ्यांत जास्त वेळ दिसतात."

हे खरं होतं. मिरजेत भोपळ्यांना आजवर तंबोऱ्याचा मान. आता मैफलीत तंबोऱ्याची गवसणी निघाली की पहिली रांग पिशव्या उघडायची. गायक डोळे मिटून गायचे. भक्तीमुळे, असा लोकांचा समज होता.

"यावर उतारा नाही?"

"आहे की. तोच माहितीपट, वेगळी पट्टी. गरम वरणभात खाऊन आईच्या मांडीवर डोकं टेकल्यासारखं वाटतं."

"मग द्या ना!"

"फक्त ताईंची किळस जाणार नाही. गाठ एक आहे, सुटली तर सगळी सुटते. खोलीची, भोपळ्यांची, बाबांचीही."

"किळस जाऊ दे. अक्कल तर राहील ना?"

"आम्ही किळस मोजतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अक्कल मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही."

रात्री पुष्करने बंद दाराला पाठ लावून हे सगळं ताईला सांगितलं.

"घेऊ नकोस," ताई आतून म्हणाली. "मला कोणी सोडवलं माहितेय? अभ्यासाने नाही, तुमच्या पत्रांनी नाही. एक दिवस भोपळ्यात बाबांच्या दाढीचा केस निघाला, ओला. तो माझ्या ओठाला चिकटला आणि मला मळमळलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्या मळमळीतच मी ते दार उघडलं, पुष्क्या. माझ्याकडे दुसरं काही उरलंच नव्हतं."

"आणि आम्ही तुला असं दाराआड ठेवायचं?"

"मी जाते ना. जिथे हा माहितीपट लागला नाही अशा ठिकाणी."

"तो सगळीकडे लागलाय, ताई."

आतून पुष्करला फक्त तिचा श्वास ऐकू आला, आणि तेवढ्यानेही त्याला उमासा आला. दुसऱ्या दिवशी तो आईला घेऊन उतारा घ्यायला गेला.

त्या रात्री तिघं एका पंगतीत जेवली. आईने ताईच्या केसांवरून हात फिरवला, वास घेतला, रडली, पुन्हा वास घेतला. पुष्करने तिच्या पानातला पापड पळवला. ताईने त्याच्या हातावर चापट मारली. टीव्हीवर बातम्या चालू होत्या. पोलीस बाबांना कोर्टात नेत होते आणि बाबा जाता जाता कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी सांगत होते.

"आवाज मात्र गोड आहे हं माणसाचा," पुष्कर म्हणाला.

"आणि वाळलेत किती," आई म्हणाली. "तिथे नीट जेवायला देत असतील का रे?"

ताईचा घास हातातच राहिला. तिने एकदा आईकडे बघितलं, एकदा भावाकडे. दोघंही प्रेमाने टीव्हीकडे बघत होते. मग ती खरकट्या हाताने उठली आणि घरातल्या खिडक्या एकेक करून सताड उघडू लागली.

"अगं, लाव गं त्या," आई नाकाला पदर लावत म्हणाली. "रस्त्यावर केवढी माणसं. कोणाकोणाचं आत येतं."