खिडकीवरचा नियम

"हे तूच लिहिलंस ना?" सासूबाईंनी प्रबंधाचं चौथं प्रकरण जेवणाच्या टेबलावर आपटलं, आणि मांडीवरच्या लेकीच्या तोंडाशी नेलेला घास सुनेच्या हातात तसाच राहिला. "अकरा बायका रुग्णालयाच्या खिडकीवरून परत पाठवल्या म्हणे. त्या खिडकीत तीस वर्षं कोण बसत होतं, ठाऊक नव्हतं तुला?"

ठाऊक होतं... म्हणूनच तर तिने रुग्णालयाचं नाव गाळलं होतं आणि खिडकीत केसपेपर काढणाऱ्या कारकून बाईविषयी, म्हणजे सासूबाईंविषयी, एक वावगा शब्द लिहिला नव्हता. गर्भपातासाठी आलेल्या सज्ञान बाईकडे नवऱ्याची सही मागायची, हा नियम आहे कुठे, एवढंच ती दोन वर्षं शोधत होती. कायदा, परिपत्रकं, जुन्या फायली, सगळं पालथं घातलं. नियम कुठेच नव्हता! आणि तरी बायका मान खाली घालून त्या पायऱ्या उतरत राहिल्या होत्या...

"आईच्या अब्रूपेक्षा तुझी पदवी मोठी का?" नवरा म्हणाला. "उद्या प्रबंध द्यायचाय ना? त्याआधी काढून टाक ते."

बाळंतपणात ज्यांनी आपले पाय चेपले, ज्यांच्या खांद्यावर लेक टाकून आपण ग्रंथालय गाठलं, त्यांच्यासाठी एक प्रकरण काय, असं मनाला बजावत तिने मार्गदर्शक बाईंना पत्र लिहायला घेतलं: चौथं प्रकरण मागे घेत आहे. पण प्रत्येक अक्षरागणिक आत संताप उसळत होता. अकराजणींनी जीव मुठीत धरून सांगितलेलं पुन्हा परत पाठवायचं... आणि या वेळी खिडकीत आपण!

"पाठवलंस?" सासूबाई दारात उभ्या होत्या. हातात तीच पानं.

"पाठवतेय."

"थांब. नियम खरंच नव्हता?"

"नव्हता, आई."

"नीट शोधलास? डोक्यावरचा चष्मा सापडत नाही तुला."

"दोन वर्षं शोधला. कुणा साहेबाने तोंडी सांगितलं असेल, तेच चालत आलं."

सासूबाई खाली बसल्या. "माझी धाकटी बहीण आली होती खिडकीशी. नवरा टाकून गेलेला, सही आणणार कुठून? मी म्हटलं, बहीण म्हणून गळ घालू नकोस, नियम सगळ्यांना सारखा. मग ती कुठल्याशा सुईणीकडे गेली... जिवंत परत नाही आली. इतकी वर्षं मनाला सांगत आले, माझ्या हातात काय होतं, नियमच होता..."

सुनेने त्यांचे हात धरले. "तुम्हालाही फसवलंच की. साहेब पडद्याआड, आणि बोल ऐकून घ्यायला तुम्ही पुढे."

"माझी कड घेऊ नकोस. मुलाखतीचा टेप लाव तुझा. बारावी बाई म्हणून तिला लिही. आणि तिला परत पाठवणारीही लिही."

नवरा लेकीला उचलून दाराशी उभा राहिला. सुनेने अर्धवट पत्र पुसलं आणि मुलाखतीचं संमतीपत्र पुढे ठेवलं. सासूबाईंनी चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली, पेन उघडलं आणि थबकल्या.

"यावर नवऱ्याची सही लागते का गं?"

"नाही, आई," ती म्हणाली. "फक्त तुमची."