जो आधी बोलेल तो हरला

ही गोष्ट माझ्याच कुटुंबात घडली आहे. ती खोटी ठरली, तर सर्वांत मोठा दिलासा मलाच मिळेल.

भुते रात्री येतात, असा माझाही समज होता. त्या शुक्रवारी दुपारचे अडीच वाजले होते. तळ्याकाठच्या विश्रामगृहावर लख्ख ऊन पडले होते आणि मागच्या दोरीवर चादरी वाळत होत्या.

मी बस आगारात वेळापत्रके आखतो. घरच्या सहलीही मीच आखतो. मुले लहान असताना सहलही लहान हवी, हे माझे तत्त्व. दोन रात्री, तीन दिवस. चार तासांहून अधिक प्रवास नाही. दर सव्वा तासाने थांबा. दिवसाला एकच ठिकाण, आणि आपापली पिशवी ज्याची त्याने भरायची.

बायको म्हणायची, "यात शिंकायला किती मिनिटं धरलीत?"

पण शेवटचा तास कोणत्याच आखणीला दाद देत नसे. थोरली नऊ वर्षांची, धाकटा पाचाचा. त्या तासात मागच्या सीटवर हटकून युद्ध पेटे. म्हणून मी एक खेळ काढला होता. तोंडातून शब्द काढायचा नाही. जो आधी बोलेल तो हरला.

धाकटा एरवी पाच मिनिटांत हरत असे. त्या दिवशी त्याला झोप लागली. पूर्ण तासभर गाडीत शांतता होती. खरे सांगायचे तर मला फार बरे वाटले.

फाटकाशी गाडी थांबली. धाकटा जागा झाला आणि विचारता झाला, "आलो का?"

तो हरला. थोरलीने आनंदाने ओरडायला तोंड उघडले... आणि तिची नजर वरच्या मजल्यावरच्या एका खिडकीकडे गेली.

तिने तोंड मिटून घेतले.

खेळ संपला, तू जिंकलीस, असे मी तिला सांगितले. तिने मान हलवली. नाही.

ती खिडकी मुलांसाठी राखलेल्या खोलीची होती. खोलीत एक दुमजली पलंग होता. भिंतीत एक कपाट होते आणि त्याच्या दाराला आडव्या फळ्या ठोकून ते कायमचे बंद केलेले होते. थोरली खाली बसली आणि मान वर करून पलंगाच्या वरच्या मजल्याकडे पाहत राहिली.

वर कोणीच नव्हते. चादर इस्त्री केल्यासारखी ताठ होती.

फक्त मधोमध... एक खळगा होता. कुणी लहान मुलाने मांडी घालून बसावे, एवढा.

बायकोने कागद-पेन्सिल पुढे केली. थोरलीने लिहिले : "ती अजून बोललेली नाही. मी कशी बोलू?"

धाकट्याने वर पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, कुतूहल होते.

"ताई," तो म्हणाला, "ती हसत का नाही गं?"

यानंतर मी जे केले, ते सांगायला मला लाज वाटते. मी थोरलीला खांदे धरून हलवले, आणि मग तिच्या थोबाडीत मारली. ती कळवळून तरी बोलेल, एवढाच माझा हिशेब होता. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आले. छाती हुंदक्यांनी उडत होती.

आवाज नाही.

आणि वर... पलंगाची फळी करकरली. नीट दिसावे म्हणून कुणी पुढे वाकावे, तशी.

चार वाजता आम्ही तिथून निघालो.

पुढे आठ महिने थोरली बोलली नाही. डॉक्टर म्हणाले, घसा उत्तम आहे. तिची शाळा सुटली. जांभई आली, तरी ती दोन्ही तळव्यांनी तोंड दाबून धरी. ओठ विलग करायची भीती बसली, तसे जेवणही सुटत गेले. मनगटे काटकुळी झाली. विचारावे, तर कागदावर एकच वाक्य उमटे : "ती बोलली की बोलेन."

लेक डोळ्यांदेखत झिजत होती, आणि तिचा आवाज कुणाच्या हाती होता, ते मला माहीत होते.

एका मंगळवारी रजा काढून मी एकटाच तिथे गेलो.

विश्रामगृहाची देखभाल करणाऱ्या मावशी पडवीत चादरींच्या घड्या घालत होत्या. आधी त्यांनी कानांवर हात ठेवले. मग सांगितले. सहा वर्षांपूर्वी असेच एक कुटुंब आले होते. वडिलांना दुपारची झोप हवी होती. त्यांनी मुलांना सांगितले, जो आधी बोलेल तो हरला. मुलगी त्या कपाटात जाऊन बसली आणि बाहेरची कडी आपोआप पडली. ती बुडाली समजून लोकांनी दिवसभर तळे ढवळले.

"तिची आई त्याच कपाटाला टेकून हाका मारत होती हो," मावशी म्हणाल्या. "आतून हूं नाही की चूं नाही. पोर शब्दाची पक्की."

कपाट दुसऱ्या दिवशी उघडले गेले.

मी एकच गोष्ट विचारली. वडील तिला काय म्हणून हाक मारत?

"ठकी."

मी वर गेलो. खोलीत ऊन होते. मी कपाटासमोर जमिनीवर बसलो.

"ठके," मी म्हणालो, "बाबा आलाय. खेळ संपला. तू जिंकलीस. बोल आता."

खाली मावशींचा चादरी झटकण्याचा आवाज थांबला होता.

मग... फळ्यांच्या मागे कुणीतरी श्वास सोडला. फार दिवस कोंडून धरलेला.

"बाबा?"

मी फळ्यांना कान लावला.

"बाबा, कडी काढ ना. इथे गुदमरतंय."

खाली पडवीत हातोडी होती, ती मी येताना पाहिली होती. फळ्या निघाल्या असत्या. पण दार उघडल्यावर तिला बाबाऐवजी मी दिसलो असतो... आणि ती पुन्हा गप्प झाली असती, तर?

"गाडी दारात लावतो नि आलो हं," मी म्हणालो. "तिथेच थांब."



"बरं," ती म्हणाली. "लवकर ये."

मी पायऱ्या उतरलो. धावलो नाही. फाटकाशी पोचतो तोच फोन वाजला. पलीकडे बायको हमसून रडत होती आणि तिच्या मागे थोरलीचा घोगरा, ओळखू न येणारा आवाज पुन्हापुन्हा म्हणत होता, "आई, पाणी दे ना. आई, पाणी."

आता ती बोलते. अखंड बोलते. धाकट्याशी कचाकचा भांडते, आणि मी कुणालाही गप्प बस म्हणत नाही. सुट्टी जवळ आली आहे. यंदा कुठे जायचे, असे बायको विचारते. मी आखणीचा कागद पुढ्यात घेतो आणि पहिल्या ओळीपुढे जात नाही.

गेल्या रविवारी भर दुपारी मावशींचा फोन आला. त्या खोलीत आता कुणी राहत नाही, म्हणाल्या. दिवसभर कपाटातून आवाज येतो. पोर रडत नाही, त्रास देत नाही. फाटकाशी कुणाचीही गाडी थांबली, की फक्त विचारते, बाबाची का?

"तुम्ही तिला काय सांगून गेलात?" मावशी म्हणाल्या. "मी काय उत्तर देऊ?"

शेजारच्या खोलीत माझी दोन्ही मुले मोठमोठ्याने हसत होती.

"बाबा निघालाय म्हणून सांगा," मी म्हणालो, आणि फोन ठेवला.