नाही म्हणायचा तास

"बच्चों, आपको राग कब आता है?"

तिसरी 'ब'च्या वर्गातून हा प्रश्न ऐकू आला आणि खडूचा डबा शोधत व्हरांड्यातून चाललेली निहारिका जागच्या जागी थबकली. आवाज अनोळखी होता. पुरुषाचा, जरासा घोगरा... आणि हिंदी तर अशी, की चपला उलट्या पायात घातल्यासारखी.

पहिल्या बाकावरची दुर्गा उभी राहिली. दोन वेण्या, लाल रिबिनी, आणि गाण्याच्या क्लासचा दांडगा अभिमान.

"सर, मुझे भूपाली आता है. यमन अभी सीख रही हूँ."

फळ्यापाशी उभा असलेला उंच, सावळा तरुण तिच्याकडे बघतच राहिला. "नाही, म्हणजे... नहीं. किसी ने तुम्हारी पेन्सिल ली, तो राग आता है ना?"

"पेन्सिल से नहीं आता सर," दुर्गाने त्याला समजावलं. "हार्मोनियम से आता है."

झालं! निहारिकाने पदराचा बोळा तोंडात कोंबला, तरी हसू फुटलंच. त्याने वळून पाहिलं. आता खोटं कशाला सांगू, पुढचं सगळं त्या एका नजरेनेच घडवलं. पण त्या वेळी निहारिकाला एवढंच कळलं, की या माणसाचे कान लाजल्यावर लाल होतात.

"गुस्सा म्हणा," ती मराठीत म्हणाली. "इथे राग गातात. येतो तो गुस्सा."

"तुम्ही मराठी?" बुडत्याला काठ दिसावा तसा त्याचा चेहरा झाला.

"उज्जैनची मराठी. पेशव्यांच्या काळात आलो आम्ही, परत जायचं राहूनच गेलं."

"मी प्रसाद. साताऱ्याचा. मागच्या सोमवारी आलोय... बघू, माझंही राहतंय का."

अगं बाई! पहिल्याच भेटीत? निहारिका खडू न घेताच आपल्या वर्गात परतली.

साल होतं एकोणीसशे शहाण्णव. उज्जैनच्या माधव नगरातल्या छपराछपरांवरून केबलच्या तारा लोंबायला लागल्या होत्या, किराणा दुकानांत शांपूच्या पुड्यांच्या माळा आल्या होत्या, आणि निहारिकाच्या सरकारी प्राथमिक शाळेत आला होता एक नवा तास. हात धुवायचे कसे, नखं कापायची कशी, मनात काय चाललंय ते बोलायचं कसं, भांडण मिटवायचं कसं, हे सगळं त्यात शिकवायचं. पुण्याच्या एका संस्थेने धडे तयार केले होते आणि ते शिक्षकांना समजावून द्यायला प्रसादला सहा आठवड्यांसाठी पाठवलं होतं. तक्ते तो स्वतः रंगवायचा, सुरेख. शाळेच्या पत्रकावर 'स्वास्थ्य शिक्षा' असं वाचून तो म्हणाला होता, "आरोग्याची शिक्षा? पोरांनी गुन्हा काय केलाय?"

मुख्याध्यापिका नंदा मॅडमनी कपाळाला हात लावला आणि निहारिकाला बोलावून सांगितलं, "तुम इनकी हिंदी सँभालो."

तिने हिंदी सांभाळली. बाकीचं सांभाळायला मात्र कुणी सांगितलं नव्हतं...

दोघं मिळून तास घ्यायला लागले. तो चेहरे काढायचा, रडका, रुसलेला, घाबरलेला, मुलं ओळखायची. साबण लावून हात चोळताना म्हणायचं गाणं निहारिकाने रचलं, चाल दुर्गाने दिली, भूपालीत. मधल्या सुट्टीत दोघं पेरूच्या झाडाखाली चहा घ्यायची.

"तुमची मराठी ऐकली ना, की मजा येते," तो म्हणायचा. "काल म्हणालात, 'मी तर हैराण राहून गेले.' कुठे राहून गेलात?"

"तुम्ही न, फार परेशान करता!"

"तेच. परेशान. साताऱ्याला आमची आई म्हणते, 'छळतोस.'"

"मग छळता. खूश?"

"खूप," तो म्हणाला, आणि कान लाल.

चौथ्या आठवड्यात 'नाही' म्हणायचा धडा आला. आपल्याला नको असेल ते कुणी करायला लावलं, नको तसा हात लावला, तर काय करायचं? तीन गोष्टी. सरळ उभं राहायचं. समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. आणि स्पष्ट आवाजात 'ना' म्हणायचं. लाजायचं नाही, खोटी कारणं द्यायची नाहीत, आणि घरी येऊन विश्वासाच्या माणसाला सगळं सांगायचं. चाळीस पोरं एकदम "ना!" ओरडली तेव्हा खिडकीतली कबुतरं उडाली.

दुर्गाचा हात वर. "मॅडम, प्रसाद को भी ना बोल सकते हैं?"

वर्ग खिदळला. सरांचं नाव सगळ्यांना पाठ होतं. पण दुर्गा गंभीर होती. तिची आजी रोज राम घाटावर जायची आणि सांगायची, प्रसादाला नाही म्हणत नाहीत.

निहारिका गडबडली. मग म्हणाली, "पेट भरा हो, तो बोल सकते हैं. हाथ जोड़कर."

"आणि भूक असेल तर?" प्रसादने हळूच मराठीत विचारलं. तक्त्याआडून. मुलांना कळू नये म्हणून.

तिने त्याच्याकडे बघितलंच नाही. बघितलं असतं तर वर्गासमोर पंचाईत झाली असती.

पण खरी पंचाईत घरी वाट बघत होती. शोभामावशीने स्थळ आणलं होतं. मुलगा इंदूरला कॉम्प्युटर कंपनीत, लवकरच परदेशी जाणार. घर, गाडी, फोन, सगळं. अट एकच, मुलीने शाळा सोडायची. दोन आठवड्यांनी रविवारी दुपारी पाहुणे येणार होते, आणि कुणी निहारिकाला काही विचारलंच नव्हतं. विचारायचं कशाला? दहावीला गणित सोडून संस्कृत घे म्हटलं, घेतलं. इंदूरचं कॉलेज नको म्हटलं, गेली नाही. आई, मंगलाताई, अभिमानाने सगळ्यांना सांगायच्या, "आमची निहा कशाला नाही म्हणेल तर शपथ."

चाळीस पोरांना 'ना' शिकवणारी मास्तरीण! रोज घरी जाताना तिला स्वतःचीच लाज वाटायची.

त्या रविवारच्या आधल्या गुरुवारी संध्याकाळी तिने प्रसादला राम घाटावर बोलावलं. त्याचे सहा आठवडे संपत आले होते. रविवारी संध्याकाळच्या बसने तो पुढच्या गावी जाणार होता. शिप्रेवर गार वारा होता, पाण्यात दिव्यांचे द्रोण डुलत होते. पायरीवर बसून तिने सगळं एका दमात सांगून टाकलं.

प्रसाद तिच्याकडे वळून बसला.

"तुम्हाला करायचंय का हे लग्न?"

"नाही."

"हे छान म्हणालात. मान वर, आवाज स्पष्ट."

"मजाक नका करू. तुमच्यासमोर निघतं तोंडातून, आईसमोर नाही निघत." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. "तुम्ही... तुम्ही काही तरी बोला ना."

तिला काय ऐकायचं होतं ते घाटावरच्या पुजाऱ्यालाही कळलं असतं. प्रसादलाही कळलं. कानांनी सांगितलंच की.

"बोलायचं खूप आहे," तो हळू म्हणाला. "पण आज बोललो, तर तुम्ही रविवारी माझ्या जिवावर नाही म्हणाल. ते 'नाही' तुमचं राहायचं नाही. आणि उद्या माझ्याशी पटलं नाही, तर मलाही 'नाही' म्हणता यायचं नाही तुम्हाला. आधी तुमचं तुम्ही म्हणा, निहारिका."

पहिल्यांदा नावाने हाक मारली, आणि ती अशी!

ती ताडकन उठली. "मला राग आलाय तुमच्यावर. गुस्सा नाही, राग. साताऱ्याचा!" आणि पायऱ्या चढून निघून गेली. घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडली, आणि रडता रडता तिला कळलं, की तो म्हणाला ते खरं होतं. म्हणून तर जास्तच राग आला.

रविवार आला. बैठकीत पाहुणे, मुलगा शैलेंद्र, गोरागोमटा, अबोल, त्याची आई, मधोमध शोभामावशी. उज्जैनच्या रिवाजाप्रमाणे पोह्यांवर शेव आणि शेजारी गरम जिलेबी. निहारिका ट्रे घेऊन आली.

"नोकरी सोडायची तयारी आहे ना?" शैलेंद्रच्या आईने विचारलं.

"आहे हो!" मंगलाताई घाईने म्हणाल्या. "आमची निहा कशालाच नाही म्हणत नाही."

निहारिकाने ट्रे खाली ठेवला. सरळ उभी राहिली. समोरच्यांच्या डोळ्यांत पाहिलं. हात थरथरत होते, पण धड्यात हातांबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली.

"काय?"

"शाळा सोडायची नाही मला. आणि हे लग्नही करायचं नाही. तुमच्यात काही खोट नाही, माफ करा. पण मला विचारलं असतं तर आधीच सांगितलं असतं... आणि मीही आधीच सांगायला हवं होतं. ती चूक माझी."

मावशीचा चमचा पोह्यांतच अडकला. शैलेंद्रने मात्र मान वर केली आणि पहिल्यांदाच तोंड उघडलं. "बरं केलंत. मलाही कुणी विचारलं नव्हतं." आणि त्याने शांतपणे जिलेबी संपवली.

पाहुणे गेल्यावर आईने डोळ्याला पदर लावला. मावशी तर न बोलता निघून गेली, जे उभ्या आयुष्यात घडलं नव्हतं. वडील, श्रीकांतराव, खिडकीपाशी पाठमोरे उभे होते.

"हे शाळेत शिकवता तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"हो, बाबा."

"मलाही शिकव. तुझ्या मावशीला पंचवीस वर्षांत एकदाही नाही म्हणता आलं नाही मला." ते वळले तेव्हा डोळे ओले होते आणि मिशीत हसू होतं. "विचारायला हवं होतं गं तुला. चुकलंच."

तिने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. मग घड्याळ पाहिलं. पावणेपाच!

"बाबा, मला नानाखेड्याला जायचंय. बस सुटेल."

"कुणाची?"

"येऊन सांगते. सगळं सांगते. विश्वासाच्या माणसाला सांगायचं असतं."

लूना तिने अशी पळवली की विचारू नका. नानाखेड्याच्या स्टँडवर धूळ, भोंगे, शेंगदाणेवाल्यांचा गलका, आणि एका बसच्या खिडकीतून बाहेर डोकावलेली तक्त्यांची गुंडाळी. ती धापा टाकत खिडकीखाली उभी राहिली.

"म्हटलं मी!" ती ओरडली. "नाही म्हटलं!"

प्रसाद धडपडत खाली उतरला. तक्ते बसमध्येच. "खरंच? कसं?"

"सरळ उभी राहून. हात कापत होते."

"चालतं. पुढच्या छपाईत ते घालतो." तो हसला, मग एकदम गंभीर झाला. "घरी रागावले?"

"बाबांनी शिकवणी लावलीय. आता तुम्ही बोला. घाटावर खूप बोलायचं होतं ना तुम्हाला?"

कंडक्टरने "देवास, देवास" म्हणत घंटी मारली.

"देवासला चाललोय फक्त," प्रसाद घाईघाईने म्हणाला. "तासाभरावर. दर रविवारी येईन. तुमच्या घरी येऊन बाबांशी बोलेन. पण आधी तुम्हाला विचारतो. माझ्याशी लग्न कराल? थांबा... लगेच सांगू नका. नाही म्हणायची मुभा आहे. कारण द्यायची गरज नाही. मी तक्ता रंगवलाय त्याचा, मला पाठ आहे..."

ती सरळ उभी राहिली. त्याच्या डोळ्यांत पाहिलं. त्याचे कान आधीच लालबुंद झाले होते.

"आजच शिकलेय मी नाही म्हणायला," ती म्हणाली. "कुणालाही म्हणू शकते आता. अगदी कुणालाही."

"हो," तो पडेल आवाजात म्हणाला.

"पण भूक असेल तर, प्रसादराव..." तिने मुलांना शिकवल्याप्रमाणे दोन्ही हात स्वच्छ पुसले आणि ओंजळ त्याच्यापुढे धरली. "आमच्या उज्जैनमध्ये प्रसादाला नाही म्हणत नाहीत."