जेवणानंतरची गाडी

म्हातारे घड्याळजी जिन्याच्या पायथ्याशी मरून पडले होते. डोकं पायरीवर आपटलं होतं. शेजारी त्यांची लेक भिंतीला टेकून बसली होती. तिनेच पोलिसांना फोन केला होता. ती रडत नव्हती, आणि तेवढ्या सुतावरून आळीतल्या बायकांनी स्वर्ग गाठला होता.

फौजदारांनी आधी थोरल्या मुलाला गाठलं. तो याच घरात, खालच्या मजल्यावर राहायचा.

"तुम्ही कामावर निघालात तेव्हा वडील कुठे होते?"

"वर. आपली खेळण्यातली आगगाडी चालवत. जेवण झालं की रोज तेच."

"आज नक्की ऐकलीत?"

"कान शाबूत आहेत माझे, साहेब. खडखड चालूच होती. त्यानंतर घरात येणार होती ती फक्त ही. परवाच फोनवर दोघांचं कडाक्याचं वाजलं होतं."

म्हणजे फास लेकीच्या गळ्यात. फौजदार तिच्याकडे वळले.

"भांडण कशावरून?"

"मी येईपर्यंत थांबा म्हटलं. त्यांचा हात कापतो."

"कशासाठी थांबा?"

"आता काय त्याचं?" ती म्हणाली. आवाजात काहीच नव्हतं, रागसुद्धा नाही.

तिच्या पर्समध्ये कंगवा, किल्ल्या आणि सील न फोडलेली एक छोटी डबी निघाली. फौजदारांनी डबीवरच्या दुकानाचं नाव वाचलं.

वरच्या खोलीत मोठ्या टेबलावर रूळ मांडलेले होते. त्यावर इंजिन आणि मागे चार डबे. बाजूच्या टेबलावर तारांना डाग द्यायची सोल्डरिंगची कावी, बशीत काढलेले स्क्रू आणि अंगठ्याएवढा एक काळपट तुकडा. त्याला करपल्याचा वास होता.

फौजदारांनी बटण फिरवलं. गाडी ढिम्म. बोटाने ढकललं, तर इंजिन निमूट पुढे सरकलं. ते जिन्याच्या कठड्याशी गेले आणि दुकानदाराला फोन लावला. मग खाली उतरले.

"थोरले, गाडी आज चाललेलीच नाही."

"म्हणजे?"

"इंजिनात मोटर नाही. असती तर तिच्या दात्यांनी चाकं अडवली असती, बोटाने हलली नसती. जुनी मोटर जळाली म्हणून काढून ठेवलीय. नवी बहिणीच्या पर्समध्ये आहे."

"मग हिनेच काढली असेल! मी गेल्यावर!"

"जळालेली मोटर आत असली काय, नसली काय, गाडी चालणारच नाही. गेल्या आठवड्यात वडील ती घेऊन स्वतः दुकानात गेले होते. दुकानदार सांगतो, नवी मागवली आणि लेक नेईल म्हणाले. ती बसवण्याआधी जुन्या तारा एकट्यानेच सोडवायच्या, यावरूनच फोनवर वाजलं. आठवडाभर या घरात गाडी बंद आहे. बहीण दुसरीकडे राहते, तिला माहीत. तुमच्या डोक्यावर छप्पर तेच, तरी तुम्हाला पत्ता नाही. रोज चालते म्हणून आजही चालली असेल, एवढ्यावर तुम्ही साक्ष दिलीत. उघडलेलं इंजिन स्क्रूंपाशी, बाजूच्या टेबलावर असायला हवं होतं; साक्ष खरी वाटावी म्हणून तुम्ही ते रुळावर नेऊन ठेवलंत."

थोरला एखाद्या परक्याची हकिगत सांगावी तसा बोलू लागला.

"जिन्यात आडवे आले. जरा वर ये, काहीतरी धर म्हणाले. मी नीट ऐकलं नाही. उशीर होत होता. त्यांनी मनगट धरलं, मी झटकलं. मारायचं नव्हतं."

"आणि बहिणीचं नाव?"

"ती येणार होती. तेवढंच सुचलं."

लेकीने पहिल्यांदाच भावाकडे पाहिलं.

"दादा, पडल्यावर बोलले काही?"

"मला हाका मारत होते."

"मग?"

"त्यांना ओलांडून वर गेलो. गाडी रुळावर ठेवायला."

फौजदारांनी थोरल्याला बाहेर नेलं. तिला म्हणाले, "बाई, तुम्ही घरी जा आता." ती हो म्हणाली. पण त्यासाठी उठावं लागतं, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.